कळवणची लाइन

रविवारी माझा मोबाइल वाजला की अण्णा, म्हणजे माझे वडील, पायात सरकवलेल्या चपला परत काढून ठेवायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला.

कळवणला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, माणसं विसरायला लागली होती. तिला आपली ओळख आहे तोवर एकदा भेटावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गुडघ्यांमुळे त्यांना एकट्यानं जाणं झेपत नव्हतं, आणि मी चार रविवार "या वेळी नक्की" म्हणून त्यांना बसवून ठेवलं होतं.

माझी नोकरी एका बियाण्यांच्या कंपनीत. ऑफिस नाशिकला, गोदामं ओझरला नि कळवणला. तिन्हीकडे एकेक राउटर, म्हणजे माहिती कुठल्या वाटेनं धाडायची ते ठरवणारा डबा, आणि तिघांना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइनी. कळवणची थेट लाइन मेली तर ओझरवरून वाट होती, पण ती राउटरला मीच ऑफिसात जाऊन हातानं लिहून द्यायची. हंगामात गोदामं रविवारीही उघडी, आणि ही बया रविवारीच मरायची.

त्यावर उपाय होता. डायनॅमिक राउटिंग लावलं की राउटर एकमेकांना आपापल्या वाटा कळवत राहतात, एक बंद पडली की दुसरी आपणच धरतात. खरं सांगते, हे मी वर्षभर आधीच करायला हवं होतं. पण माझा मेला स्वभाव असा, की माझ्या डोळ्यांदेखत झालं नाही ते झालं असं मला वाटतच नाही.

पाचव्या शनिवारी दुपारी तिन्ही राउटरांवर ते लावलं आणि अण्णांना ऑफिसात नेलं. "बघाच तुम्ही, उद्या कोणी बोलावत नाही मला." ते पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी थेट लाइनची वायर उपसली. राउटरांना वाट बदलायला लागतात तेवढे चाळीस सेकंद मोजले. नाशिकच्या राउटरनं बिनबोभाट ओझरची वाट धरली. "आलं!" म्हणून मी ओरडलेच. कळवणच्या गोदामवाल्यांना फोन लावला.

"ताई, स्क्रीन हालत नाय."

परत मोजले. परत फोन. "नाय ताई." अर्धा तास हेच. शेवटी मी राउटरच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला कळतं का यातलं काही?" मी खेकसले.

अण्णांचा जन्म बसस्टँडवर कंट्रोलरकी करण्यात गेलेला. घाट बंद झाला की गाड्या दुसरीकडून वळवायच्या, हेच काम. त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "जाणारी गाडी ओझरवरून वळवलीस. येणारीला सांगितलंस का?"

मी कपाळावर हात मारला. कळवणच्या राउटरवर थेट लाइनची माझी जुनी, हातानं लिहिलेली वाट मी मुद्दाम ठेवली होती. असू दे, आधाराला म्हणून! राउटर शेजाऱ्याकडून कळलेल्या वाटेपेक्षा हातानं लिहिलेली खरी मानतो. वायर मी नाशिकच्या टोकाला उपसलेली, त्याच्या टोकाला लाइन जिवंतच दिसत होती, त्यामुळे इथून गेलेल्याचं उत्तर तो मेल्या लाइनवर सोडत बसला होता.

वायर जोडली, ती एक ओळ पुसली, पुन्हा उपसली. चाळीस.

"ताई, झालं चालू!"

मी अण्णांचे पायच धरले. "उठा, इंजिनीअरबाई," ते म्हणाले, "चहा पाजा आता."

दुसऱ्या दिवशी कळवणला अकराच्या सुमारास पोचलो. आत्या ओट्यावर होती. तिनं अण्णांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सुकलास रे. घरात वाढत नाहीत का तुला?" अण्णा लहान पोरासारखे रडले. चार वाजेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही.

सोमवारी राउटरची नोंद उघडली. थेट लाइन रविवारी साडेअकरापासून साडेतीनपर्यंत मेलेली होती. सगळं ओझरवरून गेलं होतं आणि कुणाला पत्ताही नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दिवाळीला पुन्हा गेलो. आत्यानं अण्णांना हात जोडले आणि विचारलं, "तुम्ही कुठले?"

"नाशिकचा," अण्णा म्हणाले. "तुमच्या भावानं पाठवलंय. खुशाल आहे तो."