पत्रांच्या दालनातल्या नऊ खुर्च्या

संग्रहालयात सगळे त्याला गुण्याभाऊ म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. हा माणूसही तसाच, सूतभर वाकडं खपवून न घेणारा. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी लागणारी बाकं, खुर्च्या, कठडे तोच आखायचा आणि तोच बनवायचा. इमारत जुनी, जपायची. भिंतीला खिळा नाही, फरशीला भोक नाही. जे काही ठेवायचं ते आपल्याच वजनावर उभं राहायला हवं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरी एक ताट, एक पेला. एकटा जीव सदाशिव.

यंदा पत्रांचं दालन त्याच्याकडे आलं. दूरदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेली पत्रं तिथे मांडायची होती. शाई उडू नये म्हणून उजेड मंद, त्यामुळे अक्षर लागायला वेळ लागायचा. बसायची सोय हवीच. गुण्याभाऊनं नऊ काचपेट्यांपुढे नऊ खुर्च्या ठेवल्या. मधून चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा सोडली.

संचालकबाईंनी खुर्च्यांवरून हात फिरवला, काम झकास म्हणाल्या, आणि मग विचारलं की दोघं आली तर बसणार कुठे. पत्र ज्याचं त्यानंच वाचायचं असतं, असं त्यानं ठासून सांगितलं. बाईंनी वाद घातला नाही. रविवारी थोडी माणसं आत सोडून बघू, जमलं तर याच खुर्च्या ठेवू, म्हणाल्या.

दारावरच्या मावशी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"गुण्याभाऊ, तुमच्या खुर्च्या काडीमोड झाल्यासारख्या बसल्यात."

"वाचनालयातही अशाच असतात, मावशी."

"वाचनालयात नवऱ्याला घेऊन कोण जातं?"

रविवारी तो खांबाआड उभा राहिला. एक म्हातारं जोडपं आलं. आजी बसल्या. त्यांना दिसत नसावं. आजोबा खुर्चीच्या पाठीला धरून, वाकून, हळू आवाजात वाचून दाखवू लागले. अर्ध्यावर त्यांची कंबर धरली.

"राहू दे पुढचं," आजी म्हणाल्या आणि उठल्या.

दोघं गेल्यावर गुण्याभाऊनं आराखडा उलगडला. बसणारा माणूस म्हणून तो कागदावर गोल काढायचा. नऊ जागी एकेकच गोल होता. पूर्वीच्या सगळ्या दालनांत तो जोडीनं काढत आला होता. या वेळी दुसरा गोल राहिला, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कुणी सांगायच्या आत त्यानं दोन खुर्च्या सोडवल्या आणि त्यांच्या लाकडातून दोघांचं बाकडं जोडलं. मधोमध बसला, ठीक होतं. कडेला सरकला तशी दुसरी बाजू उचलली गेली. बाकडं फरशीला ठोकायची तर सोय नव्हती.

मावशी पदर खोचून पुढे आल्या. "थांबा, मी बसते तिकडे. तोल येईल."

"आत्ता बसाल हो. पण एखादा एकटाच आला तर?"

मावशींनी खोचलेला पदर सोडला.

त्यानं दोन्हीकडचे पाय चार-चार बोटं बाहेर घेतले, पुन्हा अगदी कडेला बसला आणि सगळा भार टाकला. बाकडं हललं नाही. शेजारची जागा तशीच मोकळी ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. मग उठून उरलेल्या सात खुर्च्या सोडवायला लागला.