बायचं पेरलेलं गवत

बायला किळस लपवता येत नसे. नको ते समोर आलं की आधी तिचा वरचा ओठ मुडपायचा, मग पदर नाकाला लागायचा आणि मग ती बोलायची. बाय म्हणजे माझी आत्या. कोलाडच्या अलीकडे, हायवेलगतच्या गावात दोन म्हशी घेऊन राहायची. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्ट करायचा, सुट्टीला घरी यायचा.

सुकं गवत ती पेणच्या एका वखारीतून मागवायची. एकदा भारा सोडला तर आत काळी बुरशी, गुटख्याच्या पुड्या आणि चपटा झालेला उंदीर. "हे तू सोता खाशील काय रं?" ती टेम्पोवाल्यावर ओरडली. पुढे तिची मोठी म्हैस फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा बुळबुळीत गोळा निघाला. बाय गोठ्यामागे जाऊन ओकली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आता मीच गवत पेरनार."

गाव हसलं. गवत कोणी पेरतं का? ते आपोआप उगवतं.

"आपोआप घान उगवते," बाय म्हणायची. "चांगलं पेरावंच लागतं."

तिचं वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन, हायवेच्या वरच्या अंगाला होतं आणि खालचा हॉटेलवाला आपली सगळी घाण तिथे टाकायचा. कोंबड्यांची पिसं, बाटल्या, पोरांचे वापरलेले डायपर. सुट्टीत मी गेले की मी पोतं धरायची आणि ती भरायची. मग तिने रानमोडीचं तण मुळासकट उपटलं. कार्तिकात टेकडीवरच्या पिकल्या मारवेल गवताचे तुरे पदरात झटकून बी जमवलं. कुसळीला मात्र हात लावला नाही, जनावरांच्या जिभेत घुसते म्हणून. पावसाच्या तोंडावर ते हलकं बी वाऱ्याने उडू नये म्हणून वाळूत आणि शेणाच्या भुकटीत कालवून फेकलं, वरून काटेरी फांदी फिरवली. "खोल गेलं तर मरतं, वर रायलं तर मुंग्या नेतात," म्हणाली.

कोवळं हिरवं वर आलं. पहिल्या वर्षी तिथे ना जनावर सोडलं, ना विळा लावला. आणि भर श्रावणात एका सकाळी हॉटेलच्या टेम्पोने त्याच्यावर कुजलेल्या कोंबडीचा ढीग ओतला. कोंबांवर अळ्या वळवळत होत्या. मी मागे सरले. फावड्याने कोंब उपटतील म्हणून बायने ते सगळं हाताने वेचलं, टोपलीत भरलं आणि भर जेवणाच्या वेळी हॉटेलच्या गल्ल्यासमोर नेऊन ठेवलं.

"बाय, गिऱ्हाईकं जेवतात!" मालक किंचाळला.

"माझं गवत पन जेवत व्हतं. तुझा माल हाय, सांबाळ."

माणसं भरली ताटं टाकून उठली. टेम्पो पुन्हा वर चढला नाही.

दुसऱ्या वर्षी गवत कापून, उन्हात परतून, माळ्यावर रचलं तेव्हा तिने मूठभर माझ्या नाकाशी धरलं. "हुंग गो." उन्हासारखा, किंचित गोडसर वास होता. तिचा चेहरा इतका सुटलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

गेल्या माघात बाय गेली. मुलाने म्हशी विकल्या आणि दिवाळीनंतर ते वरकसही त्याच हॉटेलवाल्याला पार्किंगसाठी दिलं. मी विचारायला गेले तर आतेभाऊ त्याच हॉटेलचं ऑम्लेट खात होता. "गवतच तर हाय, ताय," म्हणाला. त्याची तेलकट बोटं बघून माझा वरचा ओठ मुडपला.

जेसीबी कडेला उभा होता. गवत पिकून उभं होतं. रोह्याला आमच्या घरामागे वरकसाचा एक तुकडा आहे. मी गवतात शिरले आणि तुरे ओरबाडून पोत्यात टाकू लागले. मालकाने माझ्यासाठी थंड्याची बाटली पाठवली. मी ती बांधावरच राहू दिली. पलीकडच्या टोकाने जेसीबी सुरू झाला. त्याचं फावडं पायाशी येईपर्यंत मी बी झटकत राहिले, मग पोतं उचललं आणि बाजूला झाले.