बंदच्या दिवशीची किटली

आमचा दूधवाला कळंब्यापलीकडच्या गावातला. त्याचं गाव महापालिकेत घ्यायची, हद्दवाढीची गोष्ट निघाली की फटफटी चालू ठेवूनच भांडायला लागतो. भांडता भांडता माप मात्र जरा जास्तच भरतो.

महापालिकेने आमच्या दारात करंजाचं रोप लावलं आणि ऐन उन्हाळ्यात, पैसे नाहीत म्हणून, पाण्याचा टँकर बंद केला. घरफाळा तेवढा वाढवला. त्या सुकत चाललेल्या रोपाकडे बोट दाखवून हा रोज मला सुनावतो, "एक झाड जगवाय येईना, आन आमचं गाव पायजे व्हय यास्नी?" जणू मीच आयुक्त!

परवा हद्दवाढीविरोधात त्यांच्या गावांनी बंद पाळला. शहराला दूधसुद्धा द्यायचं नाही, असं ठरलं. आम्ही कोरा चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात ओळखीची फटफटी वाजली. मी पातेलं घेऊन धावलो.

"ठेवा ते आत. बंद म्हंजे बंद!" तो खेकसला आणि अख्खी किटली त्या रोपाच्या बुडात ओतली. आत पाणी होतं.

"आमच्या ग्रामपंचायतीचं हाय," फटफटीला किक मारत तो म्हणाला. "सांगा तुमच्या महापालिकेला."