आडनाव विचारणारा प्रोग्राम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. म्हणजे हीसुद्धा काही फार मोठी हिंमत नव्हे.

गोष्ट एका कॅल्क्युलेटरची आहे. हसू नका. बारावीत असताना अमेरिकेतल्या मामानं मला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आणला होता — जाडजूड, मोठ्या पडद्याचा, स्वतःचे प्रोग्राम लिहिता येणारा. नवीन जालन्यातल्या आमच्या क्लासमध्ये तसला कुणाकडेच नव्हता. परीक्षेला न्यायची बंदी, म्हणजे काडीच्या कामाचा नाही. पण मिरवायला झकास. मी वडीगोद्रीच्या मोसंबीवाल्या घरातला. मिरवणं आमच्या रक्तातच — नाही, हे घरावर ढकलणं झालं. मला मिरवायचं होतं, बस.

अडचण एकच होती, तो माझं ऐकत नव्हता. त्यानं नाव विचारावं, समोरच्यानं ते टाइप करावं आणि पडद्यावर त्याचं भविष्य यावं, एवढंच मला हवं होतं. पण नाव टाकलं की उत्तर यायचं शून्य. कुणाचंही नाव टाका, शून्य. मी डोकं फोडून घेतलं, पण व्यर्थ.

सोडवलं ते निखिलनं. निखिल वाटूरचा, क्लासमध्ये माझ्या शेजारी बसायचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कॅल्क्युलेटरसोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक त्यानं घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता मला समजावलं. "त्याला अक्षरं म्हंजे आकडे वाटून राह्यले. एकेका अक्षरात शून्य भरलेलं, आन् ते सगळ्यांचा गुणाकार करून राह्यलं. नाव ठिवायला जागाच येगळी अस्ती." एक ओळ बदलली, आणि पडद्यानं माझं नाव जसंच्या तसं परत दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला. पण त्याच वेळी पोटातही दुखलं.

मग मधल्या सुट्टीत आमच्या बाकाभोवती गर्दी व्हायला लागली. नाव टाका आणि प्रवेश परीक्षेत कितवा नंबर येणार ते बघा. आकडा आपला कुठलाही यायचा, पण पोरं खूश. वस्तू माझी आणि हाका निखिलला. मी बाजूला, सेल बदलणारा.

निखिल बौद्ध घरातला. हे तुम्हाला आत्ता सांगतोय, पण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आपल्याकडं कळतं तसंच. आपण विचारतो ना — पूर्ण नाव काय? आडनाव ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. एकदा तो आमच्या घरी आला. आईनं विचारलं, "कोनाचा रं ह्यो?" मी म्हणालो, वाटूरचा. नुसतं गाव सांगितलं. त्यानं ते ऐकलं, पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि माझ्याशी गणिताचं काहीतरी बोलायला लागला.

प्रोग्राम फक्त नाव विचारायचा. आडनावही विचारू या, असं मी एकदा म्हणालो होतो. "आडनाव कशाला? नावानं भागून राह्यलं की," तो म्हणाला. विषय तिथंच संपला होता.

घुटमळतोय मी, कळतंय मला. सांगतो.

एका रविवारी मी एकट्यानं त्याच्या प्रोग्राममध्ये हात घातला. त्यानंच शिकवलेल्या पद्धतीनं. नावानंतर आडनाव विचारायचं, आणि आडनाव निखिलचं असलं तर आकडा न दाखवता इंग्रजी अक्षरांत लिहायचं — रँक कशाला? सीट पक्की.

सोमवारी सगळ्यांसमोर मीच कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला. त्यानं नाव टाकलं. आडनावाचा प्रश्न आला आणि त्याचा अंगठा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. राहू दे, एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मी म्हणालो, "टाक ना." त्या यंत्रावर एकेक अक्षर हुडकून दाबावं लागतं. त्यानं सगळं आडनाव दाबलं. मागच्या पोरानं वाकून पडदा मोठ्यानं वाचला. पोरं बाक वाजवून हसली. मीही हसलो.

निखिल रागावला नाही. कॅल्क्युलेटर माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "बराबर चालून राह्यला."

इतकंच असतं तरी जन्मभर पुरलं असतं. पण तेवढ्यात सर आत आले. त्यांनी पडदा वाचला. "कोणी केलं हे?" असा आवाज की सगळे गार. आणि मी — मी म्हणालो, "सर, प्रोग्राम निखिलचाय. मला कुठं जमतंय?"

सगळ्यांना पटलं. मला जमत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. सर निखिलकडं वळले. तो काहीच बोलला नाही. सरांचा चेहरा सैल झाला. स्वतःवर हसता येणं फार मोठी गोष्ट आहे, असं म्हणून ते फळ्याकडं वळले. तो का गप्प राहिला? त्याचा अर्थ लावायचा हक्क मला नाही.

त्या दिवसापासून पोरं त्याला 'पक्की' म्हणायला लागली. तो मागच्या बाकावर गेला. डबा मी एकटा खायला लागलो.

पुढं त्याला चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आणि मी काय केलं, माहीत आहे? तो कुठल्या यादीतून लागला ते शोधलं. आरक्षणाच्या यादीत सापडला असता तर माझा विनोद खरा ठरणार होता. खुल्या यादीत सापडला असता तर — तर काय? तेव्हाही मी त्याला मापतच होतो. काय सापडलं ते इथं सांगणार नाही.

मागच्या महिन्यात क्लासच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर विषय निघाला. निखिल त्या ग्रुपवर नाही. कुणीतरी लिहिलं, "पक्की आठवतो का रे? सोताच सोतावर जोक केल्ता. दिलदार गडी!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी आज एका बियाणे कंपनीत साहेब आहे. खरं लिहिलं असतं तर माझी नोकरी जाणार नव्हती की घर. लिहायला घेतलं. पुसलं. मग मीही एक हसरा चेहरा टाकला.

नंतर कपाटातून तो कॅल्क्युलेटर काढून नवे सेल घातले. चालू झाला, पण आत काहीच नव्हतं. सेल मेले की त्यातलं लिहिलेलं सगळं जातं. म्हणजे पुरावा उरला नाही. मला हायसं वाटलं. तेही सांगून टाकतो.

ती ओळ निखिलनं लिहिली नव्हती. मी लिहिली.