सान्याची दोरी

लोकनाट्याचा फड जत्रेत उतरला, की गाडीतून पहिली उडी रंभाजीची. दिवस मावळेपर्यंत उघड्या माळावर तो कापडाचं गाव उभं करी, आणि रात्री पडद्याची दोरीही त्याच्याच हातात असे. राजे, राण्या, सोंगाडे, सारे त्या दोरीच्या हुकमात. स्वतःच्या घरी मात्र तो पाहुणा. दसऱ्याला निघायचा, तो पावसाच्या तोंडावर सोनईला परतायचा.

घर वडिलांनी बांधलेलं. धम्मदीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, विहिरीच्या कामावर निघालेले दगड डोक्यावरून वाहून. देव्हाऱ्याचा कोनाडा त्यांनी मुद्दाम ठेवला नाही. वर लिंबाच्या तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद, आणि मधोमध सानं, म्हणजे उजेड यायला, धूर जायला ठेवलेलं हातभर भोक. पाऊस आला, की कुणीतरी शिडीनं वर जाऊन त्यावर पत्रा सरकवायचा.

बायको भागिरथी गेली आणि त्याच साली माळवदाचा एक कोपरा खचला. चाकणला कामाला असलेला मुलगा पंकज येऊन पाहून गेला.

"आबा, पाडू हे. माझ्याकडं चला."

"माती घातली की धडधाकट होतंय."

"अन् राहणार कोण इथं?"

"मी हाय की. फड सोडला न्हवं आता."

पंकज शेजारच्या बनुबाईकडे वळला. "मावशी, ध्यान ठेव. ह्या पावसाळ्यात घरात पाणी आलं तर मला फोन कर. मी गाडी घेऊनच येतो." रंभाजीनं मान डोलावली. कबूल.

उन्हाळाभर तो राबला. किडलेली तुळई बदलली, पांढरी माती भिजवून वर चढवली. पूर्वी माळवद चोपायला आळीतल्या बाया जमायच्या, हसत-खिदळत एका ठेक्यात चोपायच्या. आता सगळ्यांच्या घरांवर स्लॅब. रंभाजीच्या एकट्याच्या चोपण्याचा आवाज आळीभर घुमत राही.

काम संपलं आणि आठवड्यात वळवाची सर आली. रंभाजी बाजेवर पडला होता. पहिला टपोरा थेंब सान्यातून आत आला तसा तो सवयीनं म्हणाला, "भागा, सानं झाक गं."

आणि वाट बघत राहिला. आता शिडी कुरकुरेल, डोक्यावर पावलं वाजतील, पत्रा खरखरेल. काहीच झालं नाही. चूल भिजली, जमिनीवर पाणी साचलं, तेव्हा कुठे दुखऱ्या गुडघ्यानं तो उठला.

बनुबाई दारात उभी होती. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हाक कुणाला मारली, दाजी?"

रंभाजी खराट्यानं पाणी दाराकडे लोटू लागला.

"वळीव हाय हा," ती म्हणाली. "मी पावसाळ्यात न्हाई धरत."

दुसऱ्या दिवशी त्यानं फडाची जुनी पेटी उघडली. कप्पी निघाली, दोरी निघाली. पत्र्याला बिजागऱ्या लावल्या, दोरी तुळईवरून फिरवून बाजेपाशी आणली. ओढली, की पत्रा धप्पकन सान्यावर. त्यानं बनुबाईला बोलावून दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

"लई झ्याक," ती म्हणाली. "येळ लागला का?"

"छे. न्याहारी करून बसलो, दुपारच्या आत झालं."

बनुबाई वर बघत राहिली. "पंकजच्या वक्ताला आक्का पोटुशी असताना बी चढायची तिथं. एकदा पाय घसरला हुता तिचा. तुमी बाजंवरनं इचारलं, काय पडलं म्हनून."

रंभाजीनं दोरी सोडली.

"दोरी तवा बी हुतीच की तुमच्याकडं, दाजी," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

त्या पावसाळ्यात घरात पाणी आलं नाही. फोनवर पंकज विचारायचा, "आबा, गळतंय का?" रंभाजी सांगायचा, "थेंब न्हाई." शेवटी पंकज म्हणाला, "बरं, राहा तिथंच."

परतीच्या पावसात एकदा आभाळ गडगडलं. "भागा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. हात दोरीकडे गेला होता. पत्रा पडला, घरात काळोख झाला. वर पाऊस वाजत होता.

खेळ संपल्यावर शेवटचा माणूस मांडवातून जाईपर्यंत पडद्याची दोरी हातातून सोडायची नाही, ही त्याची रीत होती. तो दोरी धरून बसून राहिला.