स्वतः वर चढून पाहिले

आमच्या तपासणीच्या छापील फॉर्मवर एक रकाना आहे: 'सर्वेक्षकाने छतावर स्वतः चढून पाहणी केली आहे काय?' पुढं दोन चौकोन, होय आणि नाही. नाहीवर खूण केली की फॉर्म आठ दिवसांत परत येतो, म्हणून माणूस होयवरच खूण करतो. मी सव्वीस वर्षं केली. विमा कंपन्यांसाठी कारखाने, गोदामं, कापसाच्या जिनिंग बघत हिंडलो, पैठण रोडपासून पार जालन्यापर्यंत. त्यातल्या एकाही छतावर मी चढलेलो नाही.

मला उंचीची भीती वाटते. वाटते म्हणजे काय, बोबडी वळते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका गोदामाच्या शिडीवर सातव्या पायरीला मी असा काही चिकटलो की दोन हमालांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला पोत्यासारखं खाली आणलं. त्या दिवशी ठरवलं, आपण जमिनीवरचे सर्वेक्षक. मग एक पद्धतच बसून गेली. कारखान्याचा जो कोणी पत्रेवाला असेल तो वर जायचा, तिथून ओरडून सांगायचा आणि मी खाली वहीत लिहून घ्यायचो. अहवालात मात्र 'स्वतः चढून पाहिले'. ही गोष्ट बायकोला माहीत होती. ती मला घरातला माळा सुद्धा आवरायला सांगायची नाही.

तर अशा माणसाला कंपनीनं ड्रोन दिलं.

वरून फर्मान आलं की आता कुणी छतावर चढायचं नाही, पडून माणसं मरतात, यंत्र वर पाठवा. पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. माझ्या वर्गात सगळे पोरगे, मी एकटाच गुडघ्याला पट्टा बांधलेला. तरी मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! सव्वीस वर्षांचं खोटं आता खरं होणार होतं. मी खाली खुर्ची टाकून बसणार आणि माझे डोळे वर जाणार. परत आलो त्या रात्री मला चक्क गाढ झोप लागली.

पहिलीच तपासणी चितेगावच्या बियाण्याच्या कारखान्याची निघाली. एक लांबलचक शेड, वर सिमेंटचे पत्रे, आत पोत्यांच्या थप्प्या आणि खाली बसून बी निवडणाऱ्या पंचवीस-तीस बाया. इथं मी बारा वर्षं येत होतो. दर वर्षी उन्हाळ्यात यायचं, आत एक चक्कर मारायची, आग विझवायची लाल नळकांडी मोजायची, मान वर करून पत्र्यांकडं बघायचं आणि बाहेर येऊन शेडच्या मागं, जिथं कुणी नसायचं, तिथल्या पत्रेवाल्या मिस्त्रीला वर धाडायचं.

मिस्त्री पडेगावचा. साठी ओलांडलेला, बारीक, पांढरी दाढी, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. सिमेंटचा पत्रा तडकला की पायाखाली पापडासारखा मोडतो, हे मला त्यानंच पहिल्यांदा सांगितलं होतं. पत्र्यावर नुसतं चालायचं नसतं, नटबोल्टच्या ओळीवरून चालायचं, कारण त्या ओळीखाली लोखंडी आडवी पट्टी असते आणि तीच माणसाचं वजन पेलते. त्याच्या सख्ख्या भावाचा पाय ओळीवरून घसरला होता. तो भाऊ अजून घरात खाटेवरच आहे, कमरेखाली काही हलत नाही. मिस्त्री हे सांगायचा, चपला काढायचा आणि शिडीला लागायचा. शिडीवरच्या माणसाकडं बघितलं तरी मला गरगरायचं, म्हणून मी पाठ करून उभा राहायचो. थोड्या वेळानं वरून आवाज यायचा, "सब ठीक है साहेब!" मी लिहायचो.

त्या दिवशी गेटवर पोचलो तर कारखान्यात लगीनघाई. ड्रोन येणार ही बातमी माझ्या आधी पोचली होती, आणि आमच्याकडं ड्रोन लोकांना माहीत आहे ते लग्नात आणि मिरवणुकीत. त्यामुळं मालक गुलाबी फेटा बांधून उभे. मूळचे शेतकरी, जमीन मोठी, माणूस दिलदार, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मॅनेजरनं केसाला तेल लावलं होतं. वॉचमननं मिशीला पीळ दिला होता. मी तीनदा समजावलं की हे शूटिंग नाही, ही जोखमीची तपासणी आहे, यात कुणाचा चेहरा येत नाही. मालक म्हणाले की व्हय व्हय, कळलं, आधी गेटवरून एक गोल फिरवून घ्या आणि मग तुमचं जोखमीचं काय ते करा. घेतलं. तीनदा घेतलं, कारण पहिल्या दोन वेळा फेट्याचा तुरा वाऱ्यानं वाकडा झाला.

मग पूजा निघाली. नवीन यंत्र आवारात आलंय आणि नारळ न फोडता वर जाणार? मालकांना ते चालेना. ट्रॅक्टर असो की वजनकाटा, या गेटातून बिनपूजेचं काही आत गेलेलं नव्हतं. टेबल आलं, टेबलावर पाट, पाटावर माझं ड्रोन. हळद-कुंकू वाहिलं. कॅमेऱ्यावर कुंकू लावू नका म्हणून मी अक्षरशः तळहात आडवा धरला, ते कुंकू मला लागलं. लिंबू-मिरची मी हात जोडून नाकारली, वजन वाढतं म्हणालो. पण मालकांनी खिशातून पूजेचा लाल नाडा काढला, ड्रोनच्या एका पंख्याच्या दांडीला तीन वेढे दिले आणि गाठ मारली, तेव्हा माझी जीभ रेटेना. नाड्याचं उरलेलं टोक मोकळंच लोंबत होतं. ते मला दिसत होतं. पुण्यात पहिल्याच तासाला शिकवलं होतं की पंख्याजवळ दोरा, केस, ओढणी काही येऊ द्यायचं नाही. पण मालक डोळे मिटून उभे, मॅनेजर टाळ्या वाजवतोय, आणि मीही आयुष्यभर रकान्यात खुणाच करत आलेला माणूस. म्हटलं जाऊ द्या, दहा मिनिटांचं काम आहे.

ड्रोन वर गेलं आणि मी पडद्यावर पहिल्यांदा ते छत पाहिलं. बारा वर्षं ज्याच्यावर मी चढलो होतो ते छत! पन्हाळीत चक्क पिंपळ उगवला होता, माझ्या कमरेएवढा. पाण्याच्या टाकीच्या बाजूला कुणाची तरी पतंगांची रद्दी, एक फुटबॉल, एक अख्खी प्लास्टिकची खुर्ची. ती तिथं कशी गेली हे देवालाच माहीत. मला हसूही येत होतं आणि घामही फुटत होता. मग कॅमेरा टाकीकडून तिसऱ्या ओळीवर आला आणि माझं हसू गेलं. बोल्टपासून बोल्टपर्यंत तडा. ज्या ओळीवरून चालायचं तीच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटलेली. आणि मी तर गेल्या उन्हाळ्यातच लिहून दिलं होतं: छत मजबूत, चालण्यास योग्य.

तेवढ्यात नाड्याचं टोक पंख्यात गेलं. ड्रोननं स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि ते त्या तिसऱ्या ओळीच्या पलीकडं जाऊन आडवं पडलं. पडद्यावर फक्त आभाळ दिसत होतं आणि एक घार.

मग मालकांनी अगदी सहज मिस्त्रीला हाक मारली. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. पूजा झालेली वस्तू अशी पालथी पडू द्यायची नसते, शिवाय ती साहेबांची, ती खाली आणायची, बस. माणसानं छतावर चढू नये म्हणून आणलेलं यंत्र आणायला माणूस छतावर चढणार होता, आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मिस्त्रीनं "हौ, जातो ना" म्हटलं आणि चपला काढल्या.

मी म्हणालो की राहू द्या, मिस्त्री, पत्रा खराब आहे. मालक हसले. त्यांनी मॅनेजरला आत पाठवून फाइल मागवली आणि माझाच अहवाल माझ्यासमोर धरला. माझी सही, माझा शिक्का. "साहेब, तुम्ही सोता चढून बघितलंय की. तुम्हीच लिहिलंय, चालायला योग्य. मग आता काय झालं?"

काय सांगणार होतो? तोंड उघडलं की सव्वीस वर्षांची नोकरी गेली. तोंड बंद ठेवलं की मिस्त्री त्या ओळीवर पाय देणार. मी पडद्यावरचा तडा दाखवायला गेलो, तर पडद्यावर घारच फिरत होती. तोवर मिस्त्री शिडीच्या निम्म्यावर पोचला होता. मला त्याच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, आणि त्या थरथरत होत्या. ती थरथर मी ओळखतो.

मी ओरडलो. आवाज इतका फाटला की वॉचमनही दचकला. "मिस्त्री, खाली या! मी कधी वर चढलोच नाय! एकदापण नाय! सगळं खोटं लिहिलंय मी!"

मालकांच्या हातातली फाइल खाली आली. फेट्याखालचा चेहरा लाल झाला. बारा वर्षं त्यांनी मला गेटवर उसाचा रस पाजला होता. त्यांनी ती मिटून मॅनेजरच्या हातात दिली. माझी मान वर होईना.

मिस्त्री शिडीवर तसाच थांबला. मग हळूहळू, एकेक पायरी चाचपत खाली उतरला आणि माझ्यासमोरच मातीत बसला. चपलांकडं बघत म्हणाला, "तुमी नाय चढायचे हे तर मला मालूमच होतं साहेब. पन मीबी कुठं जायचो? भाई पडला तेव्हापासून शिडीच्या वर पाय नाय ठेवला. वरच्या पायरीवर बसून बिडी प्यायचो, आन् तिथूनच ओरडायचो."

म्हणजे बारा वर्षं तो मला खोटं सांगायचा आणि मी कंपनीला. आम्हां दोघांनाही हसू यायला हवं होतं. आलंही असतं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं की तिसऱ्या ओळीखाली बाया बसल्यात, आणि वर आता एक यंत्रपण पडलंय.

मी धावत आत गेलो. गुडघा, पट्टा, कशाचं भान नव्हतं. उठा, सरका, वरचा पत्रा फुटलाय, असं काहीबाही ओरडत होतो. बाया हातातलं बी तसंच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. एकही उठली नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या पलीकडच्या भिंतीला ओळीनं बसल्या आहेत. टाकीच्या बाजूला, तिसऱ्या ओळीखाली, शेडभर लांबीची एक पट्टी मोकळी होती. ना पोतं, ना सूप, ना चप्पल. गेली काही वर्षं मी त्याच मोकळ्या पट्टीतून चालत गेलो होतो, जायला बरी वाट आहे म्हणून.

सगळ्यांत म्हातारी होती तिनं सूप खाली ठेवलं. "तिथं कोन बसतंय बाबा? चार पावसाळे झाले, धार लागती, रातपाळीला कडकड वाजतंय. आम्ही कवाच सरकलो."

मी विचारलं की मावशी, मग कुणाला सांगितलं का नाही?

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुमीच यायचे की बघायला," ती म्हणाली, "आमाला वाटलं, तुमाला दिसलं असंल."