आक्काचा डूख

आक्का डूख धरायची. बायका उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालतात तसा ती डूख घालायची, मुरवायची आणि वर्षानुवर्षं पुरवून वापरायची. एसटीच्या एका कंडक्टरनं एकदा आमच्या वस्तीच्या फाट्यावर गाडी थांबवली नाही, थेट ओतूरला नेऊन उतरवलं. तेव्हापासून त्याच्या गाडीत चढली की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "मास्तर, आज थांबती ना गाडी?" तो बिचारा निवृत्त झाला. एकदा बाजारात मेथीची जुडी निवडत उभा होता, तिथंही हिनं त्याला गाठलं. "मास्तर, थांबलात का आता?"

तिला म्हटलं, "आक्का, जाऊ दे की आता." तर म्हणाली, "इसरनाऱ्याला लोक भोळा म्हनत्यात. त्यो भोळा नसतो पोरी, त्यो दुसऱ्याच्या सोयीचा असतो."

आमची घरं एका बांधावर. मी दिवसाच्या विजेसाठी पत्रकं लिहायची, कारण आमच्या पंपांना वीज येते रात्रीची आणि रात्री उसात असतो बिबट्या. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात. छापायला द्यायच्या आधी प्रत्येक पत्रक मी आक्काला वाचून दाखवायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण मजकूर कळायचा. "ह्यात राग कुठंय? ही तर लग्नाची पत्रिका झाली. आपली इनंती, आपले नम्र. असं बोलल्यावर कोन भितंय?" मी "विनंती" खोडून "इशारा" लिहायची. मग ती मान हलवायची.

चंद्रा ही तिची धाकटी बहीण आणि जाऊसुद्धा. दोघी एकाच घरात दिलेल्या. एका संध्याकाळी चंद्रा गुरांसाठी घास कापायला वाकली आणि वाघानं मागून झडप घातली. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं म्हणतात. हे "म्हणतात" आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पण घास उभ्यानं कसा कापायचा ते कुणी सांगत नाही.

चौथ्या दिवशी वनखात्याच्या पिंजऱ्यात एक वाघ सापडला. उजवा कान मधोमध फाटलेला नर. गाडी येईपर्यंत आक्का पिंजऱ्यासमोरून हलली नाही. शिवी नाही, दगड नाही, नुसती बघत राहिली. गाडी त्याला घेऊन गेली. कुठं, ते कुणी सांगितलं नाही.

चंद्राच्या दहाव्याला नदीकाठी अख्खी पंचक्रोशी लोटली. आमच्या भागात दशक्रियेला माईक असतोच. आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या, आणि ज्याची भाषणं दशक्रियेत चालतात त्यालाच निवडणुकीत मतं पडतात. त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. कावळे बाभळीवर ओळीनं बसलेले, खाली एक येईना. पोरांची लग्नं लावून देऊ, गाय विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी आक्का पुढं झाली. "चंद्रे, त्या मुडद्याला कोंडल्याला ह्या डोळ्यांनी बघून येते. मग तर झालं?"

तेवढ्यात तालुका ज्यांना नुसतं भाऊ म्हणतो त्या पुढाऱ्यानं माईक घेतला. "चंद्राबाई, तुमचा वाघ मी स्वतः पाठपुरावा करून मुंबईच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात कोंडायला लावलाय. आक्कांना मीच दाखवून आणतो. हा भाऊचा शब्द!" आणि कावळा उतरला. लोक म्हणाले, भाऊंच्या शब्दाला कावळा शिवला.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. "आपला गुन्हेगार गजाआड! चला, डोळ्यांनी पाहू!" कुणाला फोन केला नाही, कागद मागितला नाही. मथळा झकास जमला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही सूड हवा होता. आक्कालाही ते वाचून दाखवलं. पहिल्यांदाच तिनं काही खोडायला लावलं नाही. मी घरोघर वाटलं.

दोन बस निघाल्या. बॅनरवर वाघाचा फोटो आणि भाऊंचा फोटो. भाऊंचा मोठा. आक्का नवी साडी नेसून, गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून आली. वाघ मान धरतो म्हणून आमच्याकडं रानात जाताना बायका असा पट्टा घालतात. तिला आता त्याशिवाय उंबरा ओलांडवत नव्हता. प्राणिसंग्रहालयाच्या दारावर सुरक्षारक्षकानं अडवलं.

"मावशी, हे काय घातलंय? आत नेता येणार नाही. आणि इथं प्राणी पिंजऱ्यातच आहेत, घाबरू नका."

"आमच्याकडं वाघ मोकळा असतो अन् जाळीच्या आत मान्सं ऱ्हात्यात," आक्का म्हणाली. "सवय न्हाई बाबा मला हिकडची." पट्टा काढून दिला खरा, पण दिवसभर तिचा हात मानेवरच.

आधी पेंग्विन बघितले. काचेमागं गारवा, दिवे लखलखीत. गार काचेला बोट लावून आक्कानं मला विचारलं, "ह्यांना दिवसभर लाईट हाय व्हय गं? मग ह्यांचं पत्रक कोन लिवतंय?" अख्खी बस हसली. ती हसली नाही.

मग वाघ. उंच काच, पलीकडं झाडी, दगड. दगडावर बिबट्या पसरलेला. भाऊंचा माणूस मोबाईल धरून तयार, सगळं थेट गावाकडं चाललेलं. भाऊ मागून म्हणाले, "हाच तो आक्का! बोला काय बोलायचंय ते."

आक्का काचेला चिकटली. मी तिच्या शेजारी होते. तिचा श्वास काचेवर उमटत होता. मग बिबट्यानं डोकं वळवलं. दोन्ही कान धड.

तिनं तिथल्या रखवालदाराला हाक मारली. "भाऊ, ह्यो कवा आनला?"

"ही मादी आहे मावशी. पिल्लू होती तेव्हापासून इथंच आहे."

"जुन्नरकडचा फाटक्या कानाचा?"

"तुमच्याकडनं कोणीच आलं नाही."

आता खरे भाऊ जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आक्का, वाघ तो वाघच की. हिलाच द्या दोन शिव्या. मन मोकळं करा, मंडळी थांबलीत."

वाघाला पाठ दाखवायची नाही, हे आमच्याकडं पोराला चालायच्या आधी शिकवतात. आक्कानं त्या बिबट्याला पाठ दाखवली आणि भाऊंकडं वळली.

"त्यानं चंद्रीला खाल्लं ते भुकंपायी. तुमी तिचा दहावा खाल्ला. तुमाला कसली भूक व्हती, भाऊ?"

मोबाईलवाल्यानं हात खाली घेतला, पण जायचं ते गावाकडं गेलं होतं.

त्यानंतर पंचक्रोशीत जिथं दशक्रिया, तिथं आक्का. शिनोलीत, लोणीतसुद्धा गेली. भाऊंनी माईक हातात घेतला की बायकांतून उठायची आणि नम्रपणे विचारायची, "भाऊ, त्यो वाघ कुठंय?" बस, एवढंच. पहिल्यांदा लोकांनी तिला खाली बसवलं. मग बसवेनासे झाले. मग भाऊंनी माईक घ्यायचाच सोडला, आणि आमच्याकडं ज्याचा दशक्रियेतला माईक सुटला त्याचं राजकारण सुटलं. निवडणुकीत ते पडले. त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले तर आक्कानं हात पुढं केला नाही. "त्यो पडला म्हनून चंद्रीला दिल्याला शबूद पुरा झाला का?" फाटक्या कानाचा वाघ कुठं गेला ते आजही कुणी सांगत नाही.

आणि डूख एकट्या भाऊंवर नव्हता. मुंबईहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी माझं पत्रक घेऊन ती दारात उभी. "हे ज्या ज्या घरात दिलं त्या त्या घरात जायाचं. खोटं छापलं म्हनायचं. तोंडानं."

गेले. सगळ्या दारांत गेले. बायका हसल्या, पोरांनी टिंगल केली. एक म्हातारे बाबा म्हणाले, "भाऊ बोलले म्हनून छापलंस, आक्का बोलली म्हनून माफी मागतीस. तुझं तुला कवा कळायचं, बाई?" रडू आवरत घरी आले. आक्कानं पाणी दिलं. पण पत्रकं ऐकायची तिनं बंदच केली. हो-नाही एवढंच बोलायची.

गेल्या थंडीत तिनं अंथरूण धरलं. मी एक नवं पत्रक घेऊन गेले आणि न विचारताच वाचून दाखवलं. डोळे मिटून तिनं पूर्ण ऐकलं.

"ती तिसरी ओळ. तू सोता बघितलंस ते?"

"नाही. ऐकलं."

मी तिच्या पायांना हात लावला. "आक्का, माझ्यावरचा डूख सोड ना आता. चुकले मी."

"न्हाई सोडत," ती म्हणाली. "सोडला तर तू परत छापशील."

चार दिवसांनी आक्का गेली. तिसरी ओळ चूक निघाली. मी स्वतः जाऊन बघून आले.